तेर साते एक्क्याण्णव

गेल्या रविवारची गोष्ट. संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि आमची कन्यका (इयत्ता सहावी, सेमी इंग्लिश) स्वैपाकघरातल्या टेबलाशी गृहपाठ करत बसली होती. मूळ अवयव पाडायचे होते. तिच्या भाषेत "प्राइम फॅक्टरायझेशन".

"आई, चेक कर ना गं."

हात पुसून वही घेतली. पहिली तीन उदाहरणं बरोबर. चौथं असं होतं:

२ | ५४६
३ | २७३
९१ | ९१
   | १

खाली पट्टीने रेघ मारून उत्तर लिहिलेलं: ५४६ = २ × ३ × ९१.

आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, तेर साते एक्क्याण्णव! एवढं साधं दिसत नाही? सहावीत ना तू?"

शब्दांपेक्षा सूर वाईट होता. ती म्हणाली, "तेर काय?" कारण तिचे पाढे इंग्रजीतून. मग तिने खोडरबर घेतला आणि खोडायला लागली. कागद फाटेपर्यंत खोडत राहिली. आणि वहीकडेच बघत, अगदी हळू म्हणाली, "मला मॅथ्स येतच नाही."

कणकेचे हात तसेच राहिले. हे वाक्य मला पाठ होतं, कारण ते माझं होतं. तेहतीस वर्षं जुनं.

माझीही सहावीच. आमच्या गावच्या शाळेत गणिताचे जे सर होते (नाव नको, आता सांगून काय उपयोग), त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि ७२८ चे मूळ अवयव पाडायला सांगितले. मी काही ढ नव्हते हो. दोनाने भाग दिला, ३६४. परत दोनाने, १८२. परत दोनाने, ९१. मग थांबले. दोनाने जात नाही, कारण विषम. तिनाने जात नाही, कारण नऊ आणि एक दहा. पाचाने जात नाही, शेवटी शून्य किंवा पाच नाही. मी ९१ च्या डावीकडे ९१ लिहिले, खाली १ लिहिला आणि खडू ठेवला.

"एक्क्याण्णव मूळ संख्या आहे?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"नक्की?"

"हो सर."

सर वर्गाकडे वळले. "काय रे, आहे का?" आणि अख्ख्या वर्गाने एका सुरात, पाढे म्हणतात त्या चालीत, "तेर साते एक्क्याण्णऽऽव!" असा गजर केला. पाठोपाठ हशा. सरही हसले. मग मला बाकावर उभं राहून तेराचा पाढा दहा वेळा म्हणायला लावला.

गंमत म्हणजे तेराचा पाढा मला चोख येत होता. आमच्याकडे रोज संध्याकाळी शुभंकरोती झाली की परवचा व्हायचा. तीसपर्यंतचे पाढे, शिवाय पावकी-निमकी. "तेर साते एक्क्याण्णव" मी शेकडो वेळा म्हटलं असेन. पण पाढ्यातलं एक्क्याण्णव आणि फळ्यावरचं ९१ यांची डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. पाढा वरून खाली धावतो, अवयव पाडायचे तर खालून वर यावं लागतं. ही वाट कुणी दाखवली नव्हती, आणि त्या दिवशीही कुणी दाखवली नाही.

मधल्या सुट्टीपर्यंत बातमी आठवीच्या वर्गात, म्हणजे दादाकडे पोचली. तेव्हापासून मी त्याच्यासाठी "एक्क्याण्णव". फोन उचलल्यावर "काय एक्क्याण्णव, काय म्हणतेस?" आजही. दर भाऊबीजेला त्याच्या पाकिटात न चुकता ९१ रुपये असतात, वर साडी वेगळी. (दादा, तू हे वाचतोयस मला माहीत आहे. वाच.) तो प्रेमानेच करतो. मीही हसते. पण सहावीनंतर मी गणिताच्या वाटेला गेले नाही हेही खरंच. दहावीला प्रमेयं पाठ करून पार पडले, पुढे आर्ट्‌सला गेले, आणि आता मुद्रितशोधनाचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं काम करते. असो.

त्या रविवारी रात्री झोप लागेना. मी तेच केलं होतं, जे माझ्याबाबतीत झालं होतं. बाक तेवढा नव्हता. उठून जुन्या कॅलेंडरचं एक पाठकोरं पान काढलं आणि सोमवारी संध्याकाळी लेकीला म्हटलं, "चल, आपण एक चाळण करू."

ही चाळण इरॅटोस्थेनिसची. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा हा प्रमुख. पद्धत इतकी सोपी की कणीक चाळणाऱ्या कुणालाही कळावी. १ ते १०० आकडे लिहायचे. १ सोडून द्यायचा. २ ठेवायचा आणि त्याच्या पटीतले सगळे उडवायचे. मग ३ ठेवायचा, त्याच्या पटीतले उडवायचे. ४ आधीच उडालेला. मग ५. मग ७. चाळणीत उरतात त्या मूळ संख्या.

दोनाला निळं स्केचपेन, तिनाला हिरवं, पाचाला केशरी. निळ्याने एका झटक्यात अर्धं पान रंगलं. हिरव्याने आणखी बरेच गेले. केशरी पेनाला फार काम उरलं नव्हतं. मग सातासाठी लाल पेन घेतलं. १४? आधीच निळा. २१? हिरवा. २८, ३५, ४२ सगळे रंगलेले. ४९ वर पहिल्यांदा लाल रेघ बसली. मग ५६, ६३, ७० पुन्हा रंगलेले. ७७ ला लाल. ८४ रंगलेला. ९१ ला लाल. ९८ निळा. संपलं.

"एवढेच?" ती म्हणाली. "फक्त तीन?"

मी पानाकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी बघितलं नव्हतं. २, ३, ५ यांच्या कसोट्या आपण सहज लावतो: शेवटचा अंक बघितला, अंकांची बेरीज केली, झालं. शंभराच्या आत या तिन्ही कसोट्यांमधून निसटणाऱ्या, आणि तरीही मूळ नसलेल्या संख्या तीनच, ४९, ७७ आणि ९१. त्यातला ४९ सात साते म्हणून सगळ्यांना ओळखू येतो. ७७ चं तोंडच सांगतं की मी अकरा सत्ते. उरला कोण? एकटा ९१. साताचा पाढा दहापर्यंतच म्हणतो आपण, त्यात तो येत नाही. तेराच्या पाढ्यात येतो, पण तेराने भाग देऊन बघायचं सुचतं कुणाला?

म्हणजे शंभराच्या आत मूळ संख्येचा वेश घेऊन फिरणारा एकच तोतया आहे, आणि आम्ही दोघी मायलेकी नेमक्या त्यालाच फसलो. ७२८ पासून तीन पायऱ्या बरोबर उतरून, तिन्ही कसोट्या बरोबर लावून मग फसलो. ज्याला काहीच येत नाही तो इथपर्यंत पोचतच नाही.

"मग पुढे ११ चं पेन?" तिने विचारलं.

करून बघ म्हटलं. २२, ३३, ४४... सगळे आधीच उडालेले. मग तिचं तिलाच लक्षात आलं की अकराला नवं गिऱ्हाईक मिळणार ते थेट अकरा अकरे एकशे एकवीसला, आणि आपलं पान तर शंभरलाच संपतं. दोन संख्यांचा गुणाकार शंभराच्या आत असेल तर त्यातली एक तरी दहापेक्षा मोठी असू शकत नाही. म्हणून शंभरापर्यंतची कुठलीही संख्या मूळ आहे का हे बघायला फक्त चार दारं ठोठवायची: २, ३, ५, ७. मी सहावीत तीन ठोठावली होती. चौथं राहिलं. बस, एवढाच माझा गुन्हा.

उरलेल्या मूळ संख्या मोजल्या. पंचवीस.

मग तिने ५४६ परत सोडवलं, आणि हट्टाने उलटीकडून. आधी १३ ने भाग दिला, ४२ आले. मग ७, मग ३, मग २. नंतर १४ × ३९ अशी फोड करून बघितली. मग २१ × २६. प्रत्येक वेळी शेवटी तेच चौघं समोर: २, ३, ७, १३.

"कसंही फोडलं तरी हेच येणार?"

कसंही फोडलं तरी हेच. क्रम बदलेल, माणसं तीच. याचा पाया युक्लिडने घातला आणि गाउसने १८०१ साली आपल्या ग्रंथात ते रीतसर सिद्ध केलं. १ ला मूळ संख्या धरत नाहीत तेही यासाठीच. तो धरला तर २ × ३ × ७ × १३ च्या मागे हवे तितके एक जोडत बसता येईल आणि "एकच उत्तर" ही मजाच जाईल. आम्हाला शाळेत "१ मूळही नाही, संयुक्तही नाही" असं घोकायला लावलं होतं. का नाही, ते मला या वयात कळलं.

एव्हाना मलाच चेव आला होता. मुलगी झोपल्यावर वाचत बसले. माझ्यासारखे आणखी कोण कोण बाकावर उभे राहिले असतील ते बघायचं होतं.

पहिला भेटला फर्मा. सतराव्या शतकातला फ्रेंच, पेशाने न्यायखात्यातला, आणि संख्यांच्या बाबतीत त्याच्या तोडीचा माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. त्याने एक साखळी बघितली: ३, ५, १७, २५७, ६५५३७. सगळ्या मूळ. त्याला वाटलं, ही साखळी पुढेही अशीच चालणार. पुढची संख्या होती ४,२९,४९,६७,२९७. जवळजवळ शतकभराने, १७३२ साली, ऑयलरने दाखवलं की तिला ६४१ ने निःशेष भाग जातो. ६४१ × ६७,००,४१७. म्हणजे फर्माचा ९१ झाला! फक्त त्याचा तेरा जरा मोठा होता.

दुसरा मर्सेन, तोही फ्रेंच, मठात राहणारा. दोनाला दोनानेच पुन्हा पुन्हा गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा, अशा संख्यांतल्या मूळ कुठल्या याची यादी त्याने १६४४ साली दिली. यादीत ६७ होता, म्हणजे सदुसष्ट वेळा दोन घेऊन गुणाकार, वजा एक. २१ आकडी संख्या. १८७६ साली ल्यूकाने सिद्ध केलं की ही मूळ नाही. पण तिचे अवयव कुठले? ते त्यालाही सांगता आलं नाही.

इथे मी जरा थांबले. फुटते हे कळलं, पण कुठे फुटते ते कळलं नाही. हे माझ्या धंद्यात रोज होतं. पान वाचताना कळतं की काहीतरी चुकलंय, आणि मग ती वेलांटी सापडेपर्यंत ओळ न्‌ ओळ परत चाळावी लागते.

ल्यूकानंतर सत्तावीस वर्षांनी, १९०३ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत कोल नावाचे प्राध्यापक उठले. असं सांगतात की ते एक अक्षर बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला आणि हाताने, ओळीने ओळ, पूर्ण केला. दोन्हीकडे एकच आकडा: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्या वाजवल्या. हे शोधायला किती वेळ लागला असं विचारल्यावर "तीन वर्षांचे रविवार" असं म्हणाले म्हणे.

फळ्यापाशी उभं राहून असंही होऊ शकतं तर! मी ती गोष्ट तीन वेळा वाचली.

गुणाकार करायला कोलना थोडा वेळ, फोडायला तीन वर्षांचे रविवार. नेमक्या याच फरकावर पुढे कुलपं बनली. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी अशी गुप्त लिपी काढली की दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार खुशाल चारचौघात ठेवायचा, किल्ली मात्र त्या दोन संख्या ज्याला माहीत त्याच्याचकडे. त्यांनी त्याच वर्षी १२९ आकडी एक संख्या आव्हान म्हणून जाहीर केली. ती फोडायला १९९४ साल उजाडलं, आणि तेही इंटरनेटवरून सुमारे सहाशे जणांनी आपापले कॉम्प्युटर कामाला लावले तेव्हा. २०२० साली २५० आकडी संख्या फोडली गेली. म्हणून आता त्याहून कितीतरी मोठ्या, सहाशेच्या वर आकडे असलेल्या संख्या वापरतात. दुसरीकडे, २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवण्याची पद्धत सिद्ध केली. मूळ आहे की नाही, एवढंच ती सांगते. अवयव नाही सांगत. ल्यूका आणि कोल यांच्यामधलं अंतर अजून शिल्लक आहे.

हे सगळं लेकीला सांगितलं. तिला कोल आवडले. फर्मा चुकला हे त्याहून जास्त आवडलं.

"म्हणजे तो पण हुशार होता आणि त्याला पण वाटलं की ही प्राइम आहे?"

"हो."

"मग त्याला कोणी हसलं का?"

काय सांगणार? म्हटलं, "ऑयलरने भाग देऊन बघितलं. हसत बसला असता तर ६४१ सापडला नसता." मग जे रविवारीच म्हणायला हवं होतं ते म्हटलं, "आणि मी तुझ्यावर ओरडले ते चुकलं माझं. मीही सहावीत हेच उत्तर लिहिलं होतं."

"हेच? नाइंटी वन?"

"हेच. एक्क्याण्णव."

"म्हणून मामा तुला..." तिचे डोळे मोठे झाले. मग ती जी हसायला लागली ती थांबेचना, आणि मीही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्या एक्क्याण्णववर मनापासून हसले.

दोन दिवसांनी दादाचा फोन. स्पीकरवर नेहमीचं, "काय एक्क्याण्णव?"

मी तोंड उघडायच्या आत कन्यकेने फोन ताब्यात घेतला. "मामा, तुला माहितीये का, हंड्रेडच्या आत तसा एकच नंबर आहे! टू, थ्री, फाइव्हने जात नाही, दिसत पण नाही, आणि तरी प्राइम नाही. आईला सगळ्यात अवघड नंबर आला होता. तुला कुठला आला होता?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादा जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मला फळ्यापाशी बोलवायचेच नाहीत गं. मी मागच्या बाकावर लपून बसायचो." हे मला माहीत नव्हतं. एका घरात, एका ताटात जेवलो आम्ही, आणि हे मला माहीत नव्हतं.

मग घसा साफ करून म्हणाला, "बरं बाई, चुकलं माझं. यंदापासून भाऊबीजेला ९१ बंद. पाकिटात १००१ टाकतो. मग तर झालं?"

फोन ठेवल्यावर लेक वही घेऊन बसली. हल्ली दिसेल तो आकडा फोडते, गाड्यांच्या नंबरप्लेटा, विजेचं बिल, काही सोडत नाही. दोनाने नाही, तिनाने नाही, पाचाने नाही, हे पुटपुटणं मला ऐकू येत होतं. यावेळी ती तिथे थांबली नाही. साताने गेला. १४३ उरले. तेही साताने? नाही. अकराने. राहिले तेरा.

थोडा वेळ ती त्या तीन आकड्यांकडे बघत बसली. मग ओरडली,

"आई! मामा परत ९१च देतोय! अकरा वेळा!"